शेजाऱ्याचा विस्तव



आगपेटी घरोघरी पोहोचली नव्हती तेव्हाची एक गोष्ट आमच्या आजीच्या तोंडून आम्ही ऐकली आहे. रात्री निजण्यापूर्वी चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवावयाचे. तरी एखाद्या सकाळी ते विझलेले निघत. मग घरातल्या पोराच्या हाती गोवरीचा तुकडा देऊन त्याला शेजारी पिटाळीत. शेजारीण आपल्या चुलीतला एक निखारा त्यावर ठेवी आणि पोर वाऱ्याला पाठ देत देत घरी परते. यात देणारीचे काहीच जात नसे. म्हणूनच की काय, दोन घरांचे वैर कोणत्या थराला गेले आहे हे सांगताना आपण मराठी माणसे 'त्यांच्यात विस्तवही जात नाही' असे म्हणतो. बोलणे बंद, जेवणेखाणे बंद, इथवर माणसे जातात. पण विस्तव बंद झाला म्हणजे मग फार थोडे शिल्लक उरते.

आज आम्ही बोलणार आहोत तो देशादेशांमधल्या विस्तवाविषयी. व्यवस्थापकांनी विषय कळवा म्हणून पत्र पाठविले तेव्हा 'शेजारी राष्ट्रांचे ऊर्जाविषयक सहकार्य' असे लांबलचक नाव आम्ही लिहून दिले होते. ते फलकावर लागलेले पाहिले आणि मनात धास्ती उत्पन्न झाली, की आता पुढच्या दोन रांगा तरी भरतील की नाही! त्या नावाला घाबरून न जाता आपण आलात, तेव्हा आम्हीही मोठे शब्द शक्यतो बाजूला ठेवू. भारत, नेपाळ, भूतान आणि बांगलादेश या चार शेजाऱ्यांमध्ये वीज कशी जाते, कशी अडते, आणि अडते तेव्हा कोणामुळे अडते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

२००९ च्या आरंभी, ऐन थंडीत, आम्ही काठमांडूत होतो. असनच्या बाजारपेठेपासून जवळच एका गल्लीत उतरलो होतो. त्या विश्रामगृहाच्या भिंतीवर, जेथे एरवी देवाची तसबीर किंवा कॅलेंडर असावयाचे, तेथे एक छापील तक्ता डकवलेला होता. आम्हांला प्रथम तो गाड्यांचा वेळापत्रक वाटला. पाहतो तो वीज जाण्याचे वेळापत्रक! शहराचे गट पाडलेले, प्रत्येक गटाचे वार आणि तास ठरलेले. त्या हिवाळ्यात दिवसाच्या चोवीस तासांपैकी सोळा तासांपर्यंत वीज नसे. आम्ही महाराष्ट्रातले, भारनियमनात मुरलेले. आम्ही थोडे ऐटीतच म्हणालो, की हे दुःख आम्हांला नवे नाही. पण सोळा तास म्हणजे काय ते दोन दिवसांत कळले. पाण्याचा पंप कधी चालवावयाचा, कपडे कधी धुवावयाचे, घरातल्या मुलीने अभ्यासाला पहाटे तीनला उठावयाचे की चारला, हे सारे त्या तक्त्याकडे पाहून ठरे. रस्त्यावर दुकानादुकानांपुढे लहान जनित्रे धडधडत आणि डिझेलच्या धुराने डोळे चुरचुरत. आमचा यजमान मोठा विनोदी गृहस्थ. तो म्हणाला, पाहुणे, आमच्या देशात पाणी इतके आहे की त्यात बुडून मरता येते. फक्त दिवा लावता येत नाही.

त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. नेपाळच्या नद्यांमध्ये किती वीज दडलेली आहे याचा हिशेब १९६६ साली एका नेपाळी अभियंत्याने मांडला. तो आकडा ८३,००० मेगावॉट. हा तात्त्विक हिशेब झाला, त्यातली निम्मी शक्तीच पैशाच्या दृष्टीने परवडण्यासारखी आहे. तरी निम्मी म्हणजे चाळीस हजारांच्या वर. आणि नेपाळ या विद्येत मागून आलेला होता म्हणावे, तर तेही नाही. काठमांडूजवळ फर्पिंग येथे पाण्यावर चालणारे पाचशे किलोवॉटचे वीजघर १९११ साली सुरू झाले. आपल्या खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ साली, म्हणजे चार वर्षांनी मागाहून. शंभर वर्षांच्या अवधीत आपण कोठे आलो आणि ते कोठे राहिले, याचा विचार त्या अंधाऱ्या गल्लीत केल्यावाचून राहवेना.

याचे एक कारण राजकारणात आहे, दुसरे नदीत आहे. नदीचे आधी सांगतो, कारण ते समजले म्हणजे शेजाऱ्याची गरज का लागते तेही समजते.

नेपाळातली बहुतेक वीजघरे वाहत्या पाण्यावरची आहेत. मोठे धरण बांधून पाणी साठवावयाचे, आपल्या कोयनेसारखे, तशी सोय तेथे कुलेखानीसारख्या एखाद्याच ठिकाणी आहे. नदी वाहते तितकी वीज. आषाढ-श्रावणात त्या नद्या गर्जत असतात. चक्रे पुरी फिरतात, आणि वीज उरते. पौष-माघात वर बर्फ वितळत नाही, खाली पाऊस नाही. नदी आटते आणि वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. नेमकी तेव्हाच थंडी असल्याने घरोघर मागणी वाढलेली. विजेचा स्वभाव असा, की ती धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. अलीकडे मोठमोठ्या बॅटऱ्या निघाल्या आहेत, पण आषाढातली वीज माघापर्यंत टिकविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणजे श्रावणात उरलेली वीज एकतर कोणाला तरी द्यावयाची, नाहीतर पाणी तसेच चक्राबाहेरून सोडून द्यावयाचे. आता दक्षिणेकडे पाहा. भारताची मागणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत चढते. हिवाळ्यात उत्तरेकडच्या कोळशाच्या वीजकेंद्रांना थोडी उसंत असते. एकाकडे असते तेव्हा दुसऱ्याला हवी असते, आणि दुसऱ्याकडे असते तेव्हा पहिल्याला. असा योग विधात्याने दोन शेजाऱ्यांच्या पत्रिकेत क्वचितच जुळविला असेल.

पण तार जोडली की वीज गेली, इतके ते सोपे नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडी चाललेली आपण सर्वांनी पाहिली आहे. पाचशे वारकऱ्यांचे टाळ एका ठेक्यावर पडत असतात. चारदोघे दमले तर बाकीचे तो ठेका सांभाळून नेतात. पण निम्मी दिंडी एकदम अडखळली तर सगळाच ताल मोडतो. विजेचे जाळे असेच असते. त्यात जोडलेले प्रत्येक जनित्र सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या एकाच ठेक्यावर फिरत असते, मग ते चंद्रपूरचे असो की भूतानचे. आपला देशही एका ठेक्यावर फार जुन्या काळापासून चालत नाही. दक्षिणेचे जाळे बाकीच्या देशापासून वेगळ्या तालावर चाले, ते ३१ डिसेंबर २०१३ या दिवशी जोडले गेले, आणि ज्या तारेने जोडले ती रायचूरहून आपल्या सोलापूरला येते. सोलापूरकरांना याचा अभिमान असावा, पण आम्ही विचारलेल्या चौघांपैकी तिघांना हे ठाऊक नव्हते! असो. नेपाळ आणि भूतान आज भारताच्याच ठेक्यावर चालतात. बांगलादेशाशी मात्र जोडणी निराळी आहे: पश्चिम बंगालातील बहरामपूरहून निघालेली वीज पलीकडे भेरामारा येथे आधी एका दिशेने वाहणारी करतात आणि मग तिला पुन्हा तेथल्या ठेक्यावर बसवितात. त्यामुळे एकाचा ताल मोडला तर दुसऱ्याचा मोडत नाही. ही जोडणी २०१३ च्या ऑक्टोबरात पाचशे मेगावॉटची सुरू झाली आणि २०१८ मध्ये दुप्पट झाली.

आता राजकारणाकडे वळू. नेपाळ आणि भारत यांच्यामध्ये नदीवरून करार झाले ते पुष्कळ जुने आहेत. कोसीचा १९५४ चा, गंडकीचा १९५९ चा. त्या काळी आपल्याकडे मोठी उमेद होती. बिहारचे दुःख मानली गेलेली कोसी बांधावयाची, पाट काढावयाचे, वीज करावयाची. हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण नेपाळी माणसाच्या मनात त्या करारांनी जो सल राहिला तो अजून गेलेला नाही: जमीन आमची बुडाली, शेत तुमचे भिजले. हा आरोप पूर्णपणे न्याय्य आहे की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की बांधाच्या भांडणात लहान शेतकऱ्याला जे वाटते ते मोठ्याने कागद दाखवून खोडून काढता येत नसते. पुढे १९९६ मध्ये महाकालीचा करार झाला आणि त्यात पंचेश्वरचे प्रचंड धरण योजले गेले. संसदेत भाषणे झाली, मोठमोठे आकडे छापले गेले. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे उलटली. त्या धरणाचे काम सुरूच झालेले नाही.

आणि नदी काही कराराची वाट पाहत नाही. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळातल्या कुसहा येथे कोसीचा बांध फुटला. बिहारातली लक्षावधी माणसे निराधार झाली. त्याच पुरात भारतातून नेपाळला वीज नेणाऱ्या तारेचे मनोरे कोसळले. आम्ही काठमांडूत भिंतीवर जो तक्ता पाहिला, त्यातले काही तास त्या फुटलेल्या बांधाच्या खात्यावर लिहावयाचे होते. एकाच पुरात एकाच नदीने दोन देशांना दोन प्रकारांनी मारले.

याच्या उलट भूतानची हकीकत आहे. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा तेथे जाणारा मोटारीचा रस्ताच नव्हता. चुंबी खोऱ्यातून, डोंगरवाटांनी, काही दिवसांचा प्रवास करून ते पोहोचले. त्या देशाची लोकसंख्या आजही आठ लाखांच्या आत आहे, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १९६१ मध्ये जलढाका नदीविषयी दोन देशांचा पहिला वीजकरार झाला. मग १९७४ मध्ये चुखाचा. ३३६ मेगावॉटचे हे वीजघर भारताने बांधून द्यावयाचे. खर्चातले साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज. भूतानला लागेल ती वीज भूतानने ठेवावयाची आणि उरलेली सर्व भारताने विकत घ्यावयाची. १९८६ ते १९८८ या काळात ते चालू झाले आणि १९९१ मध्ये भूतानच्या स्वाधीन झाले. पुढे ताला १,०२० मेगावॉटचे, मग २०१९ मध्ये मांगदेछू ७२० मेगावॉटचे. भूतानच्या शाळा आणि दवाखाने चालविणाऱ्या पैशात या विजेचा वाटा फार मोठा आहे, आणि आपल्या पूर्वेकडच्या राज्यांना पावसाळ्यात धूर न काढणारी वीज मिळते. हिवाळ्यात तेथल्याही नद्या आटतात, तेव्हा त्याच तारेने उलट दिशेला वीज जाते.

भूतानशी जमले आणि नेपाळशी का जमले नाही? लोक म्हणतात, भूतान लहान आहे, ऐकतो. आम्हांला हे उत्तर पटत नाही. चुखाचा करार छोटा होता, त्यातला शब्द पाळला गेला, ठरलेल्या पैशाला ठरलेली वीज घेतली गेली, आणि मग पुढच्याला सुरुवात झाली. नेपाळशी आपण दर वेळी शतकाची बोलणी केली. अर्थात भूतानमध्येही सारे गोड आहे असे समजू नये. पुनात्सांगछूच्या पहिल्या प्रकल्पाचे काम २००८ च्या सुमारास निघाले, २०१३ मध्ये धरणाच्या उजव्या काठाचा डोंगरच सरकू लागला, आणि साडेतीन हजार कोटींचा मूळ अंदाज नऊ हजार कोटींवर गेला. यावेळी अनुदान कमी आणि कर्ज अधिक होते. डोंगर सरकला तर कर्ज कोणाचे, हा प्रश्न थिम्पूत विचारला जातो, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. त्याच नदीवरचा दुसरा प्रकल्प, १,०२० मेगावॉटचा, २०२५ मध्ये पूर्ण झाला.

नेपाळच्या बाबतीत गाडे हलले ते एका तारेने. २०१५ च्या सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली, तराईत आंदोलन पेटले, आणि सीमेवर ट्रक अडले ते महिनोन्‌महिने अडले. नेपाळने म्हटले, ही भारताने केलेली नाकेबंदी; भारताने म्हटले, हे तुमच्याच लोकांचे आंदोलन. दोष कोणाचाही असो, काठमांडूच्या गृहिणीच्या घरी सिलिंडर नव्हता. तिने विजेची शेगडी विकत घेतली, आणि वीज तर नव्हतीच. 'विस्तव न जाणे' हा वाक्प्रचार इतक्या अक्षरशः खरा झालेला आम्ही दुसरीकडे कोठे पाहिला नाही. त्या कडवटपणातच, २०१६ च्या फेब्रुवारीत, बिहारातल्या मुझफ्फरपूरहून नेपाळातल्या ढल्केबरला जाणारी मोठी तार चालू झाली. प्रथम तीतून अवघी ८० मेगावॉट वीज गेली. त्याच वर्षाच्या दिवाळीत, ज्या सणाला नेपाळी लोक तिहार म्हणतात, काठमांडूतले भारनियमन थांबले. तेथल्या वीज प्राधिकरणाचे नवे प्रमुख कुलमान घिसिंग यांनी काही बड्या ग्राहकांना मिळणारा खास पुरवठा कापून तो घरांकडे वळविला, हेही त्याचे तितकेच मोठे कारण होते. शेजाऱ्याचा निखारा आला तरी चूल आपली आपणच फुंकावी लागते.

त्यानंतर पाच वर्षांनी, २०२१ च्या नोव्हेंबरात, वीज पहिल्यांदा उलट दिशेने बाजारात विकली गेली. नेपाळने भारताच्या वीजबाजारात ३९ मेगावॉट विकली, आणि ती ज्या दोन वीजघरांतली होती, त्रिशूली आणि देवीघाट, ती दोन्ही पूर्वी भारताच्याच साहाय्याने बांधलेली! २०२४ च्या जानेवारीत दहा वर्षांत दहा हजार मेगावॉटपर्यंत वीज घेण्याचा करार झाला. पावसाळ्यात नेपाळ विकतो, हिवाळ्यात विकत घेतो. आमच्या त्या यजमानाला गेल्या खेपेस भेटलो तेव्हा भिंतीवर तक्ता नव्हता, त्या जागी रंग थोडा उजळ दिसत होता. जनित्र मात्र त्याने विकलेले नव्हते. म्हणाला, राहू द्या, शेजार मोठा आहे.

हे शेवटचे वाक्य आम्हांला लागले, आणि आजच्या व्याख्यानाला कारण झाले ते तेच.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळ भारताची जी चिंचोळी पट्टी आहे, तिची रुंदी कमीत कमी जेथे आहे तेथे जेमतेम पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. सकाळी निघालेला धडधाकट माणूस संध्याकाळी पलीकडे पोहोचेल. नेपाळकडे श्रावणात वीज उरते. बांगलादेशाचे नैसर्गिक वायूचे साठे आटत चालले आहेत, आणि २०२२ मध्ये परदेशी इंधन महागले तेव्हा तेथे पुन्हा भारनियमन सुरू झाले. दोघांचे जुळण्यासारखे आहे. मध्ये आपण आहोत. काठमांडूला २०१४ मध्ये सार्कच्या परिषदेत आठ देशांनी विजेच्या देवघेवीच्या आराखड्यावर सह्या केल्या. त्यानंतर नेपाळची वीज भारतातून बांगलादेशाला नेण्याचा त्रिपक्षीय करार झाला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. किती विजेचा? चाळीस मेगावॉटचा. भारताची सर्वोच्च मागणी त्याच वर्षीच्या मे महिन्यात अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. चाळीस म्हणजे तिचा सहा हजारावा हिस्साही नव्हे. एवढा निखारा आपल्या अंगणातून जाऊ द्यावयाला दहा वर्षे लागली! १५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती वीज एक दिवस गेली. करार पावसाळी महिन्यांपुरता, १५ जून ते १५ नोव्हेंबर असा असल्याने त्याच दिवशी हंगाम संपला. खरी देवघेव सुरू झाली ती २०२५ च्या जूनमध्ये.

आपल्या बाजूने सांगण्यासारखे काहीच नाही असे नाही. दुसऱ्याची वीज आपल्या जाळ्यातून न्यावयाची म्हणजे त्याचा हिशेब, गळती, ताल यांची जबाबदारी येते; नियम करावे लागतात. शिवाय उत्तरेकडच्या सीमेवर २०२० मध्ये जे घडले त्यानंतर चीनच्या पैशाने उभारलेल्या प्रकल्पाची वीज घेणार नाही, असे भारताने म्हणावे, हे समजण्यासारखे आहे. पण तामाकोशीचे उदाहरण पाहा. ४५६ मेगावॉटचे हे वीजघर नेपाळने मुख्यतः स्वतःच्या पैशाने, आपल्या नोकरदारांच्या निधीतून आणि सामान्य लोकांच्या भागभांडवलातून बांधले आणि २०२१ मध्ये चालू केले. बांधकामाचा एक ठेकेदार चिनी होता. तेवढ्यावरून त्या विजेला आपला बाजार बंद राहिला. येथे सावधपणा आपली मर्यादा ओलांडून गेला, असे आमचे स्पष्ट मत आहे. गवंडी कोणाचा होता हे पाहून शेजाऱ्याच्या घरचे पाणी नाकारण्यासारखेच हे झाले.

आणि आपल्यावर वेळ आली तेव्हा शेजारी कसा वागला, तेही आठवावे. त्रिपुरात पालाटाणा येथे ७२६ मेगावॉटचे वायूवरचे वीजकेंद्र बांधावयाचे होते. त्याची अवजड यंत्रे आसामच्या डोंगरी रस्त्यांनी नेणे अशक्यप्राय होते. बांगलादेशाने आपल्या नदीतून आशुगंजपर्यंत आणि तेथून आपल्या रस्त्यांनी ती यंत्रे जाऊ दिली. वाटेत पूल पेलणार नाहीत म्हणून काही ठिकाणी वळणरस्ते काढावे लागले, प्रवाहांवर भराव घालावे लागले, आणि त्याबद्दल तेथल्या लोकांनी कुरकुरही केली. केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ पासून त्रिपुरातून शंभर मेगावॉट वीज कोमिल्ल्याकडे जाऊ लागली. ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत यावयास हवी. तीत कोणी कोणावर उपकार केल्याचे नाटक नाही.

एका गावी हाच विषय मांडत असताना एक शेतकरी उठून उभा राहिला आणि म्हणाला, महाराज, आमच्या पंपाला रात्री दोनला वीज येते, काळोखात सापाकिरड्यातून पाणी धरावे लागते, आणि तुम्ही नेपाळच्या दिव्याची काळजी करता! लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच. आम्ही त्याला खोटा दिलासा दिला नाही, आपल्यालाही देत नाही. नेपाळची हजारभर मेगावॉट वीज आली म्हणून या जिल्ह्यातला पंप दिवसा चालेल असे नाही. त्याचा उपाय येथेच, दिवसाच्या सूर्यप्रकाशात शोधावा लागेल, आणि तो शोधला जात आहे. पण त्यातूनच दुसरा प्रश्न निघतो. आपण सौर ऊर्जा जसजशी वाढवीत आहोत, तसतशी दुपारी वीज भरपूर होते आणि दिवेलागणीला एकाएकी कमी पडते. कोळशाचे केंद्र मंदावून पुन्हा चढवावयाला तास लागतात. पाण्याचे चक्र मिनिटांत वेग घेते. दुपारी आपण उत्तरेला सूर्य द्यावा आणि संध्याकाळी त्यांनी आपल्याला नदी द्यावी, असा हा व्यवहार आहे. युरोपात डेन्मार्कचा वारा आणि नॉर्वेचे पाणी यांची अशी अदलाबदल समुद्रतळाच्या तारांनी १९७६-७७ पासून चालत आलेली आहे. आणि २०२२ मध्ये दर भडकले तेव्हा नॉर्वेतले लोकही त्या शेतकऱ्याप्रमाणेच विचारू लागले, की आमची वीज बाहेर का जाते! प्रश्न सर्वत्र तोच असतो, आणि तो विचारणाऱ्याला मूर्ख समजून चालत नाही.

पैशाच्या बाबतीतही ताणतणाव येणारच. झारखंडातल्या गोड्डा येथे केवळ बांगलादेशासाठी १,६०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र उभारले गेले. २०२४ मध्ये थकबाकी साचली म्हणून तेथून जाणारी वीज निम्म्यावर आणण्यात आली. व्यापारी म्हणेल, पैसे नाहीत तर माल नाही. आणि दुकानात ते बरोबरच आहे. पण राज्यक्रांतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाच्या घरातला दिवा मंदावतो, तेव्हा ढाक्याचा माणूस कंपनीचे नाव घेत नाही, भारताचे घेतो. अशा करारांत वसुलीची रीत, मुदत, मधला लवाद हे आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे देणेकऱ्याच्या घरावर अंधार पाडण्याची पाळी येत नाही. एवढी अक्कल आपल्या खेड्यातल्या सावकारालाही होती. तो दिवाळी पाहून तगादा लावीत असे.

आता एकच गोष्ट, आणि ती सर्वांत अवघड. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक या हिमतळ्याचा काठ फुटला आणि चुंगथांगचे १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण वाहून गेले. तीस्तेचे ते पाणी पुढे बांगलादेशात उतरले. ८ जुलै २०२५ रोजी तिबेटातून आलेल्या लोंढ्याने नेपाळ-चीन सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल नेला आणि खालच्या वीजघरांची मोडतोड केली. हिमालय तापतो आहे. बर्फाची तळी वाढत आहेत. जी नदी आज वीज देते तीच उद्या धरण घेऊन जाऊ शकते, आणि ती कोणाच्या हद्दीत उगम पावते हे ती पाहत नाही. वरच्याने खालच्याला रात्री दोन वाजता तळे फुटल्याचे कळवावयाचे असेल, तर त्यासाठी तार आणि यंत्र पुरेसे नाही. फोन उचलणारा माणूस आणि तो उचलण्याची सवय लागते. आमच्या मते चाळीस मेगावॉटचे खरे मोल तेथे आहे. रोज वीज मोजून देणाऱ्या-घेणाऱ्या दोन कार्यालयांतले लोक एकमेकांना नावाने ओळखू लागतात. पंचेश्वरच्या करारावर सही करणारे मंत्री एकमेकांना पुन्हा भेटलेही नसतील.

करार पाच वर्षांचा आहे. दर साली १५ नोव्हेंबरला नेपाळातली नदी उतरलेली असते, बांगलादेशाकडे जाणारी ती चाळीस मेगावॉट थांबते, आणि काही आठवड्यांनी मुझफ्फरपूरच्या त्याच तारेतून बिहारची वीज वर, ढल्केबरकडे जाऊ लागते.

 ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांच्यासाठी अध्यक्षांच्या परवानगीने आम्ही येथेच थांबतो.